शनिवारची पाळी

जालन्यातल्या आमच्या दफनभूमीचं फाटक
आप्पा रोज दिवेलागणीला बंद करायचे.
साखळी, कुलूप, किल्लीचा एक वेढा.
आई घरचं कुलूप तीनदा ओढून बघायची.
आप्पांनी हे कधी ओढून पाहिलं नाही.

आधी ते रोलिंग मिलमध्ये होते.
डाव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली,
मग मंडळीनं त्यांना कबरी दिल्या सांभाळायला.
तीन हात काळी माती, खाली मुरूम,
त्याखाली पहार वाजते तो खडक.
"माणसाला खडकापोतर न्यावं," म्हणायचे,
"काळ्या मातीत ठेवला तर उन्हाळ्यात भेगा पडतात,
खालून आभाळ दिसतं त्याला,
वाटतं, उठायची वेळ झाली."

उत्तम शुक्रवारी तीन तासांची उपासना.
रविवारी पहाटे मेणबत्त्या घेऊन सगळं गाव कबरींवर.
मधल्या शनिवारी कुणालाच काही काम नसायचं.
आप्पा कबरींना चुना द्यायचे, मी बादली धरायचे.
"आज येशू कुठंय, आप्पा?"
"कामावर. शनवारची पाळी हाय त्याची.
खाली उतरलाय, मेलेल्यांत.
ते दार भाहेरून निघत नाही, रूथा,
बिजागऱ्या आतल्या अंगाला असतात."

"आणि मरण?"
"ते आधी मालक होतं.
आता भाडेकरू. त्यातही नोटीस लागलेली."

पाळकसाहेब हेच सांगायचे, शुद्ध भाषेत, घाम पुसत.
मला आप्पांचं पटायचं.
त्यांना लोखंड कळत होतं.

आप्पा गेले ते मोसंबी फुलली होती तेव्हा,
घाटी दवाखान्यात, नळ्या लावलेल्या, दुपारी.
सुवार्ता मावशी म्हणाली, धीर धर,
बेथानीतल्या त्या भावाला चार दिवसांनी हाक आली होती.
मी चौथा दिवस मोजला.
पाचवाही मोजला, कुणाला न सांगता.

पण त्याआधी, दफनाच्या दिवशी,
किल्लीच सापडेना.
गव्हाच्या डब्यात नाही, गीतांच्या वहीत नाही,
खाकी शर्टाच्या खिशात फक्त बसचं तिकीट.
शेजारची पोरं भिंतीवरून उड्या मारून आत गेलेली,
खड्डा तयार होता, खडकापोतर;
पण पेटी भिंतीवरून कशी न्यायची?
टेम्पो उन्हात उभा. बायका पदर डोक्यावर घेऊन.
भाऊ बसस्टँडवरून हिरासिंग शिकलकऱ्याला घेऊन आला,
कमरेला शंभरेक किल्ल्यांचा झुबका.

त्यानं कुलूप कानाशी धरलं, हलवलं,
हसला,
मग पेटी दिसली तसा गप्प झाला.
"ताई, याच्या पोटात काहीच नाही.
लिव्हर कुणीतरी काढून टाकलेत, लई वर्षं झाली."
दोन बोटांनी ओढलं. उघडलं.
पैसे घेतले नाहीत त्यानं.

लिव्हर मला नंतर मिळाले, हत्यारांच्या पेटीत:
सहा पितळी पत्रे, चिंधीत बांधलेले.
किल्ली त्यांच्याच शेजारी.
म्हणजे इतकी वर्षं, रोज संध्याकाळी,
माझा बाप रिकाम्या कुलपात किल्ली फिरवत होता.
कुणासाठी?
दारू प्यायला येणाऱ्या पोरांसाठी, शेळ्यांसाठी,
की रस्त्यानं जाणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी,
ज्यांना फाटक बंद दिसलं की झोप लागते?

हे विचारायला हवं होतं.
विचारायचं राहून गेलं, ते राहिलंच.
तो आहे खाली, आतल्या अंगाला, बिजागऱ्या काढतोय,
असं मी म्हणते. काही रात्री नुसतं म्हणतेच.

परवा शनिवार होता.
मी एकटीनं चुना दिला. हैजानं गेलेल्या गोऱ्या साहेबाच्या पोरीला,
मिलमधल्या याकोबाला, आईला,
आप्पांच्या ढिगाऱ्यावर अजून चुना धरत नाही,
माती बसायची आहे.
पायथ्याशी एक बारीक भेग पडलीय.
बुजवायला वाकले,
आणि तशीच ठेवली.

अंधारलं तशी साखळी ओढली,
कुलूप अडकवलं, किल्ली फिरवली.
ओढून पाहिलं नाही.

घरी आले.
घरचं मात्र तीनदा पाहिलं.