शाळेबाहेरचं

पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म विचारतो :
शाळेबाहेर तुम्ही काय काय केलंत?
दहा रकाने, प्रत्येकी दीडशे अक्षरं.
काना-मात्राही मोजतात.

सहावीच्या दिवाळीनंतर आईने माझं दप्तर
माळ्यावर टाकलं, केळीच्या खोक्यांमागे,
आणि म्हणाली, आता घरीच.
तेव्हापासून मी जे केलं ते सगळंच शाळेबाहेर.
जेवणसुद्धा. गोवरसुद्धा.

आधी सोपं लिहिलं.
उनपदेवच्या कुंडात दर अमावस्येला थर्मामीटर,
तीन वर्षं, दोन वह्या.
पहिला थर्मामीटर फुटला तो महिना कोराच ठेवलाय.
तुमचं पद? विचारतो फॉर्म.
काठावर उकिडवी बसणारी.

कबड्डीशी अडले.
तालुक्याच्या संघाला शाळेचा शिक्का लागतो,
म्हणून चार हिवाळे कन्याशाळेच्या मुलींवर
मी नुसत्या सरावाच्या चढाया केल्या.
त्या पुढे गेल्या, नंदुरबारहून ढाल घेऊन आल्या.
निर्मलाच्या गुडघ्यावरचा व्रण माझा आहे.
ढालीवर तो कोरत नाहीत.

खापरावरचा मांडा : सुमनबाई सोनवणे म्हणतात,
अजून कोपरापर्यंतच येतो तुझा.
आठवड्याचे तास किती?
आखाजीच्या आधीचे मोजू नयेत.

गल्लीत विचारतात, 'शाळा सोडेल पोर शे का ती?'
हो म्हणवत नाही. नाहीही म्हणवत नाही.

रकाना सात.
यावल रस्त्याला बाबांचा वजनकाटा.
दुपारी केळीचे ट्रक यायचे, मी पावत्या फाडायची.
घड भरणाऱ्या बाया लिंबाखाली बसायच्या.
भरलेल्या वजनावर त्यांची मजुरी,
आणि पावती वाचणार मुकादम.
तर मी जमनाबाई बारेलाला आकडे शिकवले.
भरल्या गाडीचं वजन, त्यातून रिकाम्या गाडीचं,
बाकी राहते ती तुमची.
सात महिन्यांत चौदा जणी.

मग एका मंगळवारी जमनाबाई खिडकीशी आली,
पावती सुलटी धरून,
म्हणाली, 'दोन क्विंटल कथा गयात, भाऊ?'

गाडीमागे दोन क्विंटल. बाबांच्याच काट्यावर.
'मुकादमाचं ठरलेलं असतं,' बाबा म्हणाले,
मला नाही, भिंतीवरच्या पंचांगाला.
त्या रात्री घरी शेवभाजी होती
आणि कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.
बुधवारपासून पावती खिडकीतून
आधी बायांच्या हातात जाऊ लागली.
मुकादमाने दुसरा काटा धरला. काही ट्रकही गेले.

हे दीडशे अक्षरांत कसं बसवायचं?
'महिला मजुरांना अंकगणित शिकवले.'
बसतं. वर पुष्कळ जागा उरते.

प्रिंट काढून आणली, ताटाशेजारी ठेवली.
बाबांनी चष्मा लावून सातव्यावर बोट टेकवलं.
'दोन क्विंटलचं लिहिलं नाहीस.'
'जागा नव्हती.'
'होती. मोजली मी.'
हात धुऊन आले, पेन मागितलं,
आणि माझ्या ओळीपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं :
काटा दुरुस्त झाला.

शेवटी, मुख्याध्यापकांची सही व शिक्का.
सही आईने केली, तीच मुख्याध्यापक.
शिक्का कुठून आणायचा?
बाबा चप्पल घालून काट्यावर गेले,
गल्ल्यातलं जांभळ्या शाईचं पॅड घेऊन आले,
शिक्क्यावर फुंकर मारली, दाबला.

थोडा तिरका उमटला.
वर काट्याचं नाव, मधे मुक्काम चोपडा,
खाली बारीक :
चूक-भूल देणे-घेणे.