सतरा नंबरचा पंखा

पहिल्या दिवशी इंजिनिअर म्हणाले,
आता इथं बसूनच सगळं.
एक टेबल, दोन पडदे, फिरती खुर्ची
आणि बेचाळीस वर्ग बेचाळीस चौकोनांत:
प्रोजेक्टर, माईक, स्पीकर, पडदा वर, पडदा खाली.
हिरवा ठिपका म्हणजे चालू.
बाहेर एप्रिल, त्रेचाळीस अंश,
केगावच्या माळावर सावली सुद्धा आडोसा शोधते
आणि माझ्या खोलीत एसी.
माझ्यासाठी नाही, सर्व्हरसाठी.

याआधी हे सगळं सायबण्णाच्या खांद्यावर होतं.
तीन मजल्यांत एक प्रोजेक्टर.
टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून
तो जिने चढायचा.
रिमोटला रबरबँड, कमरेला किल्ल्या,
खिशात दोन खडू,
कारण यंत्राचा काय भरवसा, ताई.
आता त्याच्याकडे टपाल आणि चहा.
कधी दारातून वाकून बघतो,
त्या चौकोनांत आपले जिने शोधतो.

एकदा नायना आले, विसरलेला डबा घेऊन.
जन्मभर जकार्डचे पत्ते ठोकले त्यांनी.
पुठ्ठ्याला भोक असलं तर धागा वर,
नसलं तर खाली,
असे हजारभर पत्ते फिरले
की चादरीवर एक मोर.
पडद्याकडे बघून हसले,
हे तर आमचंच की गं.
मिलचा भोंगाही असाच होता म्हणाले,
एक माणूस साखळी ओढायचा
आणि अख्खं सोलापूर चपला शोधायचं.
मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, तेलुगूत, हळू:
धागा तुटला तर कुठं दिसतं?

चांगल्या मागावर ताण्याच्या धाग्याधाग्याला
एक पातळ पत्री टांगलेली असते.
धागा तुटला की पत्री पडते
आणि माग थांबतो. अख्खा.
एका धाग्यासाठी.

मी सांगितलं, नायना, दिवा गेला तर कळतं,
केबल सुटली तर कळतं,
कोण सर माईक बंद करायला विसरले
त्याचा महिन्याला अहवाल निघतो.
ते म्हणाले, हे मागाचं झालं.

डबा ठेवला आणि बस पकडायला गेले.

सतरा नंबर. तळभंडारे सर, सांख्यिकी.
जूनमध्ये निवृत्त.
त्यांचा आवाज वाक्याच्या शेवटाला खाली बसतो,
दम लागलेल्या माणसानं पायरीवर बसावं तसा.
माईकची पट्टी उगवते, मावळते.
मी इथून दोन घरं वाढवते.
मावळते.
आणखी एक.
सर थांबतात, छताकडे बघतात,
जणू त्यांचंच बोलणं वरून कुणी परकं बोलतंय.
मग टेबलावर खडू चाचपतात.
त्यांनी विचारायच्या आत मी पडदा वर घेते.
मागचा फळा उघडा पडतो,
त्यावर पुसायचं राहिलेलं कुणाचं तरी बीजगणित.
स्पीकरमधून आता नुसती खडूची करकर.
ठिपका हिरवाच.

फोन वाजतो. सायबण्णा.
चहा द्यायला गेलेला असणार.
ताई, सतरात मागचा पंखा लई खडखडतोय.
शेवटच्या तीन बाकांना काय बी ऐकू येईना.
आठ दिवस झाले म्हणत्यात.
एक पोरगी तर वही मिटूनच बसलीय,
आधी पुढं बसायची, ती अक्कलकोटची.

पंखा माझ्या पडद्यावर नाही.
पंखे निविदेत नव्हते.
नोंदवहीत रकाने चार: खोली, उपकरण, दोष, वेळ.
मी खोली लिहिली.
उपकरणाच्या रकान्यात पेन थांबलं,
मिटलेली वही कुठल्या उपकरणात धरायची?

खुर्ची मागं ढकलली, ती स्वतःशीच एक गिरकी फिरली.
जिन्यात सायबण्णा शिडी घेऊन उभा होता,
खांद्यावर तोच टॉवेल,
एका हातात तेलाची बुधली.
धरा खालून, म्हणाला.

मागं खोलीत एसी चालू होता
आणि बेचाळीस ठिपके,
सगळे हिरवे.