सीलबंद नमुना

वेंगुर्ल्याच्या बंदरामागे, इनास फर्नांडिसच्या मागीलदारी
आम्ही चौघं बसतो. ठरलेला वार नाही.
कुणाकडे काही चांगलं उतरलं की निरोप येतो.
मी त्यातला सर्वांत नवा. मला अजून ‘साहेब’ म्हणतात,
थोडं लांब सरकून.

चौतीस वर्षं उत्पादन शुल्क खात्यात गेली.
दारू मोजली, दारू ओतली,
बाटलीच्या तोंडावर लाख वितळवून शिक्का मारला
आणि पंचनाम्यात लिहिलं: उग्र आंबूस वास.
खात्याला एवढंच विशेषण मान्य होतं.

इथे पुनाजी रेवणकर एकट्या माडीला सात लावतो.
खाडीकाठच्या माडाची, म्हणतो, जिभेच्या कडेनं खारट जाते,
शिरोड्याच्या मिठागराजवळची तर थेट डोळ्यांत.
जांभ्यावरच्या माडाला तहान असते, ती मडक्यात उतरते,
म्हणून ती प्यायलेला माणूस उठत नाही.
सकाळची पोरांना द्यावी, दुपारची आपण घ्यावी,
संध्याकाळची?
"ती लोणच्याक ठेव."

इनासच्या लेखी माडी म्हणजे दूध.
तो जगतो फक्त मार्च ते मे.
बोंडू पायांनी तुडवला की घाण्यात पिळला,
हे त्याला पहिल्या घोटात कळतं,
आणि भट्टीखाली काय पेटवलं होतं, तेही.
"आंब्याचां लाकूड जाळल्यान. आळशी माणूस."

शालन गिरप पीत नाही. तिसऱ्यांचं सुकं घेऊन येते,
प्रत्येक ग्लास नाकाखालून नेते,
आणि तिचा शब्द शेवटचा.

आज पुनाजीचा नातू निहार आला, पुण्याहून,
थर्माकोलचं खोकं रात्रभर बसमध्ये मांडीवर घेऊन.
त्यानं स्वतः गाळलेली बियर, आठ बाटल्या.
एकीत रातांब्याची सोलं, एकीत वालयीचा तांदूळ.
तो बेल्जियमचं सांगत होता, बव्हेरियाचं,
कुठल्या विहिरीच्या पाण्यानं कुठली चव येते ते,
पुनाजी ऐकत होता
जसं सोयरिकीचं गाव किती लांब ते ऐकतात.

मग तिरफळाची उघडली.
आधी लिंबासारखा वास, मग ओठ बधिर.
इनास बराच वेळ गप्प.
"बरी आसा," म्हणाला. "पण बांगडो खंय?"

पुनाजीला हसताना ठसका लागला. डोळे पुसत म्हणाला,
"बापाशीन माड सोडल्यान, आनि तू पुण्याक जावन फेस विकतंस."
ग्लास मात्र पुन्हा पुढे केला.
पोरानं तो तिरका धरून भरला, सावकाश,
फेस बोटभरच येईल असा,
आणि म्हातारा त्याच्या मनगटाकडे बघत राहिला.

शेवटी इनासनं घरातली काढली. पहिल्या धारेची.
"साहेब, आता तुमी सांगा.
अख्ख्या जिल्ह्याची तुमच्या हातातसून गेली."

हातातून गेली, खरं आहे.
मठ गावची वरली वाडी, एप्रिल, नोकरीचं पहिलं वर्ष.
नाताळीन फर्नांडिस, वय चव्वेचाळीस, पाच कॅन, तांब्याचं एक भाण.
मीच ओतली. तांबड्या मातीनं ती आवाज करत प्यायली,
मागून मुंग्या आल्या.
बाई रडली नाही. म्हणाली, अर्धो कॅन ठेवा,
उद्या जावई येतलो.
बॅटरी धरून एक पोरगा उभा होता,
उजेड माझ्या वहीवर पडेल असा.

खटला उभा राहिला नाही. नमुना गहाळ.
भाण परत करायला मीच गेलो होतो.

एक घोट घेतला. बोंडू तुडवलेला. खाली काजूचंच लाकूड,
आणि मागे, फार मागे, धुरकट गोड काहीतरी,
ज्याला खात्यात शब्द नव्हता.
सगळे थांबले होते. मी म्हणालो, "उग्र. आंबूस."
इनास हसला. बॅटरीबद्दल तो कधी बोललेला नाही.

शालननं माझा ग्लास हुंगला,
मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.
"हेंनी ही आदी चाखलेली आसा," ती म्हणाली,
आणि तिसऱ्यांची वाटी माझ्याकडे सरकवली.