दुसरी फेरी

तांडापेठेच्या अंगणवाडीत, सतरंजीच्या दोन टोकांना
मी आणि निकहत.
नियमच आहे तसा: मूल एक, नजरा दोन,
आणि एकीने दुसरीचा कागद पाहायचा नाही.

तेजांशू हेडाऊ, वय दोन वर्षं सात महिने.
पेटीतली कपबशी त्याने बाजूला सारली.
खोटा खोटा चहा या घरात कुणी पीत नाही,
हे पेटी बनवणाऱ्यांना कोण सांगणार?
कोपऱ्यातला तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी
त्याने उलटा केला
आणि एकच चाक फिरवत राहिला. अकरा मिनिटं.

मी लिहिलं दोन. निकहतने शून्य.
कागद जमा झाल्यावर, उसाच्या रसाच्या गाडीपाशी
ती म्हणाली, "अगं, ते चाक कुरकुरत होतं.
तो ऐकत होता."
मला ऐकू आलं नव्हतं.
माझ्या कानाशी कूलर होता.

चौदा दिवसांनी दुसरी फेरी.
तीच प्रश्नावली, तीच आई, तोच कूलर,
वाळा तेवढा नवा.
प्रश्न सातवा: मूल बोटाने वस्तू दाखवतं का?
मागच्या वेळी छबिता म्हणाली होती, "हो."
आज म्हणाली, "नाही.
म्हणजे, माहा हात धरते,
अन् माह्याच हातानं दाखवते."
मागच्या वेळी शेजारी नवरा बसला होता.
मोबाइलमध्ये डोकं घालून, पण बसला होता.
त्याच्यासाठी रकाना नाही.

रात्री संगणकाने सुसंगती काढून दिली:
सातव्या प्रश्नाची, शून्य दशांश एक्केचाळीस.
सर म्हणतील, गाळून टाका.
मी त्या आकड्याकडे बघत बसले.
उत्तरं जुळली नाहीत, म्हणून प्रश्न लंगडा.
आणि त्या न जुळलेल्या फटीतून
एक बाई चौदा दिवस चालत
एका "नाही"पर्यंत आलेली.

निघताना तिने विचारलं होतं,
"पास झाला का मॅडम, माहा पोट्टा?"
"परीक्षा त्याची नाही ताई, या कागदाची आहे."
ती कागदाकडे पाहत राहिली.
पदराने नंदीच्या पाठीवरची धूळ पुसली.
"मंग त्याले अजून एक चान्स द्या ना," म्हणाली.

कोणाला, ते मी विचारलं नाही.
मेडिकलची चिठ्ठी लिहिली, सोमवारची,
आणि खाली, जिथे काही लिहायचं नसतं तिथे,
पेन्सिलीने: चाक कुरकुरतं.