शंभरात एकवीस

सोहार बंदराच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये
तीन नंबरच्या इंजिनाला मी हवा वाढतो,
मोजून.
शंभरात एकवीस भाग प्राणवायू,
शाळेत घोकलेला आकडा,
इथे काट्यावर थरथरताना दिसतो.

डिझेल तेवढंच, फेरे तेवढेच.
फक्त एक झडप उघडायची
आणि त्याचाच धूर, थंड करून,
त्याच्याच नाकात परत.
वीस. एकोणीस. साडेअठरा.
खल्फान पडद्याकडे बघून म्हणतो, नत्राची विषं उतरली, छान.
मी चिमट्याने गाळणकागद उचलतो:
रुपयाएवढं वर्तुळ,
आधी करडं, मग तव्याच्या बुडासारखं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
हे अरबीत कसं सांगायचं
ते मला अजून जमलेलं नाही.

काजळी म्हणजे काय, तर
जळायचं राहून गेलेलं.

ऑगस्टात समुद्राकडून वारा आला
की वाफच येऊन बसते
प्राणवायूच्या पाटावर, न बोलावता.
त्या दिवशीचे आकडे वेगळ्या पानावर लिहायचे.
वाळूचा वारा असेल
तर लिहायचेच नाहीत.

खोलीवर आम्ही आठ जण.
खिडकीच्या फटींना चिकटपट्टी, धुळीसाठी.
एसी तीच हवा फिरवतो, गार करून.
खेडचा अय्युब परकार रात्री तीनला उठून बसतो,
म्हणतो, दार जरा किलकिलं कर रे.
मी करतो.
बाहेर जनरेटर चालू असतो.
मी लावून घेतो.
अंधारात मनाशी हिशेब:
आठ माणसं, सहा तास, एवढीशी खोली.
एकवीसमधून किती गेले?
यंत्र शेडमध्ये आहे, कुलूप लावून.

तुलनेसाठी एक कागद कोरा ठेवायचा असतो.
धुराशी त्याचा संबंध नाही,
नुसता फळीवर पडून राहायचं, एवढंच काम.
रविवारी तो खिडकीशी धरला
तर त्याची कड करडी.
खल्फानने चष्मा कपाळावर चढवला,
उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला,
बोटाने पुसून पाहिला.
मग म्हणाला, नवा काढ.

नवा काढला.
वहीत त्याच्यासमोर लिहिलं,
शून्य.