विहिणीशी बोलायचं म्हणून

वाशीला सेक्टर सतरात, झेरॉक्सवाल्याच्या वर,
मंगळवार-शुक्रवार मी पोर्तुगीज शिकते.
वय अठ्ठावन्न. बाकीची पोरं
लिस्बनला नोकरी शोधणारी,
चुकून मांडवात शिरलेल्या पाहुणीकडे बघावं
तशी माझ्याकडे बघतात.

फेलिसियानो सर मडगावचे.
फळ्यावर अख्खा शब्द लिहितात
आणि बोलताना निम्मा गिळतात.
"शेपूट तोंडातच ठेवायचं, द्वारकाबाई.
बोआ नोय्त. त-च्या पुढे काही नाही.
दिवा मालवल्यासारखं."
घणसोलीपर्यंत बसमध्ये मी दिवे मालवत येते.
नोय्त. नोय्त.

रात्री निकेतचा फोन. बाजूला सून, जुसारा.
"आई, नोयती. सांडू द्या शेवटचं."
तिचा भाऊ वाग्नेर साओ पावलोहून मध्येच,
"नोयची! नोयची!"
एका रात्रीची तीन नावं.
वहीत एकाखाली एक लिहिली,
पूर्वी दुधाचा हिशेब लिहायचे तशी.

आभार मानताना बाईनं म्हणायचं ओब्रिगादा,
पुरुषानं ओब्रिगादू.
पोरं अडखळली, मला एका दमात आलं.
आले आणि आलो यात जन्म गेला माझा,
त्यात काय एवढं.

अडला तो ल.
शब्दाच्या शेवटी आला की ब्राझीलमध्ये त्याचा ऊ होतो.
साल म्हणजे मीठ. तिकडे साऊ.
"अशुद्ध नाही हां," सर म्हणाले, "ते तिकडचं."
मी हात वर केला.
"आमच्यात ळ-चा ल होतो. काला, डोला, सकाल.
ते कुठलं?"
सरांनी चष्मा पुसला. "तेही… तिकडचंच म्हणा."
"मी इकडची आहे, सर.
माझ्या बापाचं मिठागर होतं
या खिडकीतून दिसतंय त्याच्या जरा पुढे.
आता नेमकं सांगता येत नाही. सेक्टर आलेत."

चौथीत गुरुजींनी पाणी शंभरदा लिहायला लावलं होतं.
हाताला ण आला.
जिभेनं घरी आल्यावर पानीच मागितलं.

परवा विहीणबाई पहिल्यांदा दिसल्या.
दोना लिंदाल्वा. स्वतःला लिंदाउवा म्हणतात.
रेसिफेच्याही आत कुठलंसं गाव, मागे कोंबड्या,
त्यांच्याकडे सकाळ, माझ्याकडे दिवेलागण.
पाठ केलेलं बाहेर काढलं,
"बों दीआ."
"जीआ, मावशी, जीआ," वाग्नेर हसला.
तशी बाई त्याच्यावर अशी वसकली
की कोंबड्यासुद्धा पांगल्या.

जुसारानं मग निकेतला सांगितलं, निकेतनं मला.
एकोणिसाव्या वर्षी आई साओ पावलोला गेली,
लोकांच्या फरशा पुसायला.
पाहुणे आले की मालकीण हाक मारायची,
दीआ म्हण गं, परत म्हण,
आणि दिवाणखाना हसायचा.
अकरा वर्षं पुसल्या फरशा.
परत आली ती दीआ घेऊनच.

मला काय बोलावं सुचेना. वाक्य संपली होती.
उठले, मोरीतली बादली आणली,
फोनसमोर धरली.
"बाउदी!" ती ओरडली.
"बादली."
"बाउदी, बाउदी!" आणि आत धावली,
स्वतःची घेऊन आली, निळी,
कडी तुटलेली, सुतळीनं बांधलेली.
निकेत म्हणाला, आई, काय चाललंय तुमचं दोघींचं.

तिनं बादलीत हात घातला,
ओंजळ भरून वर काढली,
भुवया उंचावल्या. हे काय?
सुनेसमोर कशाला हसं, म्हणून मी नीट म्हटलं,
"पाणी."

"पानी," लिंदाल्वा म्हणाली.

"नाही मम्मी, पा—" जुसारा दुरुस्त करायला गेली.
मी म्हटलं, थांब गो.
बरोबर बोलली ती.