खरबरीत

हिद्दच्या ड्राय डॉकमध्ये होजची कपलिंग सुटली
आणि माझी एक दाढ गेली, खालची, उजवीकडची.
जखम भरल्यावर मनामात डॉक्टर नेर्मीन
काचेच्या नळीतला स्क्रू दाखवते:
टिटॅनियम. दोन शितं जोडल्याएवढा.
राखाडी, मळकट. चमक नाहीच.

मी म्हटलं, एवढे दिनार घेता, पॉलिश तरी करायचं.
ती हसली. मोबाइलवर फोटो मोठा केला:
खड्डे, खड्ड्यांत आणखी खड्डे,
कालवं काढून नेल्यावरचा कातळ असतो ना, तसे.
आधी बारीक रेतीचा मारा, मग ॲसिड.
गुळगुळीत ठेवला तर हाड नीट धरत नाही, म्हणाली.

बाई, हे मला सांगता?
एकोणीस वर्षं जहाजांच्या पोटावर गार्नेट मारतोय.
चकचकीत पत्र्यावरचा रंग
उन्हाळी लागलेल्या पाठीसारखा सोलून येतो.
आमचे पंच्याहत्तर मायक्रॉन, मी म्हटलं.
आमचा एक. फार तर दोन.
एवढ्याशात काय धरणार?
पेशीचे हात बारीक असतात, म्हणाली.

हातमोज्यानेही ती त्याला शिवली नाही.
आम्हीही शिवत नाही. मारलेल्या पत्र्यावर
कुणी पंजा टेकला की पेरेरा खडूने गोल काढतो.
एकदा राहून गेला गोल;
वर्षाने रंग उचलला, पाच बोटांसकट.

छोट्या आरशात पाहिलं:
रक्त आपण होऊन आट्यांवर चढत होतं,
स्टोच्या वातीत रॉकेल चढावं तसं.
कुणी ओढत नव्हतं.

मान मात्र गुळगुळीत, ती म्हणाली,
तिथे हिरडी येऊन टेकते,
खरबरीत असेल तर घाण धरून बसते.
म्हणजे एकाच स्क्रूला
धरायची जागा वेगळी, धरू न द्यायची वेगळी.
हे आमच्या डॉकमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

तीन महिने त्या बाजूने चावायचं नाही.
कॅम्पवर पेज, मऊ भात, डाव्या गालात खुबूस.
हर्णैहून मेहरून विचारते, दुखतं?
नाही.
मग काय होतं?
काहीच कळत नाही गं. आत चाललेलं असतं.
माझा परवाना दर दोन वर्षांनी नवा होतो,
हाडाला कुणी तारीख दिलेली नाही.
रात्री जीभ तिथे जाते, झाकणाला लागते,
परत येते.

शव्वालच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरने
आरशाच्या दांड्याने त्यावर ठोकलं.
टण्.
मी डोळे मिटले.
हातोडीने पत्रा ठोकत मी कुजकी जागा शोधतो,
पोकळ आवाज लगेच कळतो मला, झोपेतही कळेल.
हा भरीव होता.

पुन्हा एकदा ठोका, म्हटलं.
का? काही होतंय?
नाही.
कामाची सवय.